दोनच्या पाळीचा डबा

गेममधल्या गावकऱ्यांचा दिवस ठरवणं हे माझं काम. कंपनी पुण्यात, मी इथे नेपानगरात घरूनच करतो. खेळणाऱ्याचं लक्ष असो-नसो, गावकऱ्यांनी आपापल्या वेळेला आपापली कामं करत राहायचं. त्यानेच गाव खरं वाटतं, असं म्हणून मी साहेबांशी नेहमी भांडायचो.

आज गेम तपासणाऱ्या मुलीने एक चूक कळवली. लढाईत लोहाराला मारलं, तरी त्याची बायको रोज दुपारी दीडला डबा भरते, भट्टीपर्यंत नेते आणि तिथेच उभी राहते. हे खोटं वाटतं, काढून टाका.

मी काढायला बसलो, तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली.

"ही बाई कोण रे?"

"लोहाराची बायको. तो मेलाय, तरी ही रोज त्याचा डबा भरते. ते बंद करायला सांगितलंय."

आई स्क्रीनकडे बघत राहिली. बाबा कागदाच्या मिलमध्ये दोनच्या पाळीला जायचे. ते वारले त्याला चार महिने झाले. त्यांचा डबा आई अजून दीडलाच भरते आणि चार वाजता तो मी खातो. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

"कर ना मग बंद," आई म्हणाली. तिनेच पुढे विचारलं, "पण मंग त्या टायमाला ती काय करेल?"