बाकी मी बघतो

सरपंच शेवंता घोलप यांच्या खुर्चीशेजारी एक यंत्र होतं. त्यातून त्यांच्या नवऱ्याचा, तात्यांचा आवाज यायचा. तात्या जाऊन आठ महिने झाले, तरी त्यांची बोलणी आणि जुने निर्णय शिकलेलं ते यंत्रच ग्रामपंचायत चालवत होतं. निवडून आल्या होत्या शेवंताबाई; पण लोक आधी तात्यांना विचारायचे, आता यंत्राला.

आज ग्रामसेवक रणपिशांनी सहीसाठी ठराव पुढे ठेवला. शेवंताबाईंनी तो स्वतः लिहिला होता आणि त्यांच्याच निर्णायक मताने तो मंजूर झाला होता: यंत्र बंद करून त्यातला आवाज कायमचा पुसावा.

"बाई, तात्या पुन्हा ऐकू यायचे नाहीत," रणपिसे हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे."

हा आवाज ऐकायलाच तर त्या रोज सगळ्यांच्या आधी कचेरीत यायच्या. त्यांनी पेन उचललं. सवयीने त्या यंत्राकडे वळल्या. "अहो, सही करू ना?"

सही घेताना कागद कसला, हे तात्यांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आज यंत्रानेही ते विचारलं नाही.

"कर गं," तोच मायेचा आवाज आला. "बाकी मी बघतो."

शेवंताबाईंनी डोळे पुसले, कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.