दोन पावलं मागे

"घोटा मोडलाय, गळा नाही. उगाच रडवेला होऊ नकोस," असं म्हणून विभा ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेलीसुद्धा.

देवदत्त हातातला गुच्छ सावरत बाकावर बसला. बँकेतून त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. रियाधच्या पाच वर्षांत तापासाठीही त्याने रजा घेतली नव्हती. पण सकाळी इथल्या कार्यक्रमाच्या तालमीच्या वेळी स्टेजच्या पायऱ्यांवरून पडली होती ती गायिका स्तोयना, आणि तिला भूल देणारी डॉक्टर होती त्याची बायको. असा योग कुणाच्या पत्रिकेत असतो?

पंधरा वर्षांपूर्वी बँकेच्याच कामासाठी तो सहा महिने मॅसिडोनियात होता. भाषेची बोंब, जेवणाचे हाल. त्यात घरमालकिणीच्या रेडिओवर ही बाई लागायची आणि दिवस निभावून न्यायची. बस चालवणाऱ्याची मुलगी. वडिलांच्या उरलेल्या तिकिटांच्या पाठीवर गाणी लिहायची. आवाज खरखरीत म्हणून रेडिओने दोनदा परत पाठवलं, तर ही लग्नांमधून गायली. लोक तिचीच गाणी मागायला लागले, तेव्हा रेडिओवाले आपण होऊन तिच्या दारात आले. अठ्ठावीस वर्षांत नऊ अल्बम, शब्द आणि चाली सगळं स्वतःचं. अंगात ताप असो की बापाचं मरण असो, कार्यक्रम एकही रद्द नाही.

समोरच्या बाकावर तिची मुलगी यास्ना नखं कुरतडत बसली होती. जाणकार म्हणत, आवाज आईपेक्षा लेकीचाच मोठा. पण सतरा वर्षांची असताना ओह्रिडच्या तळ्याकाठी आईने तिला पुढे उभं केलं आणि दुसऱ्या कडव्याला पोरीची बोबडी वळली. आईने मागून ओळ उचलली. तेव्हापासून बारा वर्षं यास्ना दोन पावलं मागे उभी राहून साथ करत होती. ओळ उचलायला आई आहे म्हटल्यावर पुढे कोण येतंय!

"शुक्रवारचा प्रोग्राम होणार," कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारा मुनाफ मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता. "कुर्सी पे बैठके गा लेगी. गला तो सलामत है ना!"

दोन तासांनी विभा बाहेर आली. "छान झालं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी पोळ्या लाटताना ती गुणगुणत होती. देवदत्त थक्क झाला. इतकी वर्षं कानीकपाळी ओरडूनही स्तोयनाचं एक गाणं तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि आज शब्दांसकट?

"तू आणि मॅसिडोनियन?"

"कानात बसलंय. तुझ्यामुळेच असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनाफचा फोन आला. स्तोयनाचा आवाज गेला होता. साधा हुंकारही फुटत नव्हता, सगळं पाटीवर लिहून चाललं होतं. "बेहोश करने को गले में नली डालते हैं ना, उसी से हुआ होगा. अब बेटी गाएगी. और क्या करें?"

देवदत्त फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेला. "विभा, तिचा आवाज गेला."

विभा चहा गाळत होती. "असं?"

"नळीने दुखावला म्हणतायत सगळे."

"म्हणू देत."

"तू काहीच बोलणार नाहीस?"

"पेशंटच्या गोष्टी मी घरी कधी बोलते का?"

तो चिडला. एकोणीस वर्षांत जिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, तिने चूक तरी कबूल करावी! महाराष्ट्र मंडळात बातमी वाऱ्यासारखी पसरली. "वहिनींनी पाय जोडला आणि गळा तोडला," मंडळातला जगदीश वडे वाढता वाढता हसत म्हणाला. देवदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विभाने फक्त आणखी एक वडा घेतला.

शुक्रवारी स्तोयना व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत होती. विभाला तिने पाटीवर लिहून, मुद्दाम आपल्या शेजारी बोलावून घेतलं होतं. केवढं मोठं मन या बाईचं! देवदत्तला भरून आलं.

यास्ना पुढे आली. पहिलं कडवं कापऱ्या आवाजात, पण नीट गेलं. दुसऱ्याला ती थांबली.

वादकांनी मधला तुकडा पुन्हा वाजवला. मग पुन्हा. सभागृहात कुजबुज सुरू झाली. यास्नाने आईकडे पाहिलं, लहान मूल पाहतं तसं. स्तोयनाने ओठ घट्ट मिटले होते. तिच्या मुठीत विभाचा हात पांढराफटक पडला होता. जन्मभर ओळ उचलत आलेल्या आईला आज लेकीची फजिती नुसती बघत बसावं लागत होतं, आणि तेही आपल्या बायकोपायी.

वादकांनी चौथ्यांदा तोच तुकडा घेतला. यास्नाने डोळे मिटले, आपण होऊन दोन पावलं पुढे आली आणि ओळ उचलली.

तो आवाज छपराला जाऊन भिडला. मॅसिडोनियनचा म कळत नसलेली माणसं उभी राहिली. गाणं संपलं, पुढचं झालं, त्याच्या पुढचं झालं. शेवटी टाळ्या थांबेनात. यास्ना फुलांनी झाकून गेली होती, रडत होती आणि हसत होती.

देवदत्तला राहवलं नाही. तो व्हीलचेअरपाशी गुडघ्यांवर बसला. "माझ्या बायकोला माफ करा," तो मोडक्यातोडक्या मॅसिडोनियनमध्ये म्हणाला. "तिने घातलेल्या त्या नळीने तुमचा..."

स्तोयनाने एकदा स्टेजकडे पाहिलं. लेकीचं इकडे लक्ष नव्हतं. मग तिने त्याचा कान धरून आपल्या तोंडाशी आणला.

"कसली नळी?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तिने सुई दिली ती कमरेत. ते पाय जोडत होते तेवढा दीड तास मी तिला गाणी म्हणून दाखवत होते."