भरधाव

शिवयोगी चाकाखाली आला, तरी टांगा थांबला नाही.

नव्या पेठेतले लोक ओरडत मागे धावले. टांगा थांबला तो पार पुढच्या हौदापाशी. लगाम सोडून गोजरबाईनं उडी टाकली आणि पळत माघारी आली. फुलं विकणारा तो म्हातारा जागीच गेला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गर्दीतून कुणीतरी तिच्या थोबाडीत मारली.

"मानूस चिरडलं आन् पळून चाललीस व्हय गं?"



नवरा अंथरुणाला खिळल्यावर तिनं त्याचा टांगा धरला होता. सोलापुरात टांगा हाकणारी ती एकटीच बाई. मेल गाठायची घाई असली, की लोक गड्यांचे टांगे सोडून तिच्याकडे येत. टांगा वाऱ्यासारखा सुटे. पोरं टाळ्या पिटत.

हवालदार महिपती तिच्या गावचा, करकंबचा. चौकीत त्यानं आवाज खाली आणला.

"घोडं बुजलं, आवरंना झालं, आसं सांग कोर्टात. सुटशील."

"बुजलं न्हाय. मीच पळवलं."

कोर्टातही तिनं तेच सांगितलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. ऐकून तिनं एवढंच विचारलं, "सायेब, सुटल्यावर टांगा हाकायचा बिल्ला परत मिळंल का?"

शिवयोगीची म्हातारी कोर्टाच्या दारातच बसली होती. ती पचकन थुंकली.

तुरुंगात बायकांना दळण असे. पहिल्याच सकाळी काशम्मा नावाची जुनी कैदीण तिच्यासमोर जात्याला बसली. दोघींनी खुंटा धरला. जातं फिरलं आणि गोजरबाईचा उजवा हात निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. काशम्मानं तो हात ओढून उलटासुलटा पाहिला. बोटं मिटतच नव्हती.

"हे कवापासनं?"

"गिरणीच्या पट्ट्यात गावला तवापासनं. तितनं मला काडून टाकलं."

"आन् कोर्टात सांगितलं न्हाईस?"

"घोडं बुजलं म्हनलं आस्तं, तर हात बघितला आस्ता. लुळ्या हाताला बिल्ला कोन दील?"

काशम्मानं तिचा हात सोडला. "मग लगाम कसा वडत हुतीस गं?"

गोजरबाईनं डाव्या हातानं जात्यात मूठभर जोंधळे टाकले.

"एका हातानं घोडं वळतंय, अक्का. थांबत न्हाय."