मुसकं

शर्यतीतून हाकललेली एक कुत्री फिडेल्मानं महिन्यापूर्वी प्राण्यांना आसरा देणाऱ्या संस्थेतून आणली. आयर्लंडमधल्या टिपरेरीतल्या श्वानशाळेत आज चाचणीत ती कापडी बोगद्यातून बाहेर आली नाही, तर संस्था तिला परत नेणार होती. कुत्री आत शिरली आणि टोकाच्या पडद्यासमोर ताठ उभी राहिली. “काय गं, झोपली का तुझी महाराणी?” शिकवणारा डोनल खिदळला. “पार बिनडोक आहे!” फिडेल्मानं वाकून पाहिलं. हे उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं. शर्यतीच्या मैदानावर अकरा वर्षं तिनंच कुत्र्यांना मुसकं बांधून शर्यत सुटायच्या पेटीत कोंबलं होतं. पेटीचं दार उघडेपर्यंत ती कुत्री अशीच ताठ थांबत. आणि आज, कुणाला चावायला नको म्हणून, हिलाही मुसकं तिनंच बांधलं होतं. “बिनडोक मी आहे,” म्हणत ती रांगत आत गेली. मुसकं सोडून तिनं बाहेर भिरकावलं. “पळव आता!” डोनल ओरडला. कुत्री सावकाश चालत बाहेर आली.