बाळासाठी राखलेली डुकरीण

दवाखाना, पाळणा, दुपटी... येणाऱ्या बाळाचा सगळा खर्च इओसेफाने अंगणातल्या पोसलेल्या डुकरिणीवर धरला होता. नेमका तेव्हाच पलीकडच्या गावात त्याच्या सिऊला नावाच्या आत्याचा नवरा वारला. तिथल्या रीतीप्रमाणे मयताला नात्यातल्यांनी घरटी एक डुक्कर द्यायचं असतं. इओसेफाने मात्र आपली डुकरीण गुपचूप आपिया शहरातल्या बाजारात विकली.

"आत्याला काय सांगशील?" पोटावर हात ठेवून त्याच्या बायकोने, मसिनाने विचारलं.

"मेली म्हणेन. आधी येणाऱ्याचं बघू, मग जाणाऱ्याचं."

बाळ झालं, तशी आत्या दारात उभी. हातात दोरी, दोरीला डुकरीण.

"दिरांनी मयतासाठी बाजारातून आणली होती. कापायला निघाले, तर मी आडवी आले. म्हटलं, माझ्या भाच्याची मेलीय, त्यात घरात बाळ येतंय, पोरगा खर्चाला काय करेल? घे रे, तुझ्यासाठी राखलीय."

तिने दोरी सोडली.


डुकरीण तडक नीरफणसाखालच्या आपल्या जुन्या खड्ड्यात जाऊन लोळली. आत्याने एकदा तिकडे, एकदा नव्या पाळण्याकडे पाहिलं आणि बाळाला उचलून घेतलं.