हाकेला येत नाही

डॉक्टर चार वाजता येणार आणि शेवटचं इंजेक्शन घरीच देणार, एवढं ठरलं होतं. कारभारी शिलाई मशिनशेजारी आपल्या जुन्या चादरीवर पडून होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. एरवी घरभर हिंडून प्रत्येक कोपऱ्याची तपासणी करणारा हा कुत्रा आता मानही उचलत नव्हता.

"डॉक्टर ठीक, पण त्या माणसाला कशाला बोलावलंस, ताई?" धाकटी बहीण म्हणाली. "अकरा वर्षं निघाली ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकून झाकून हात दुखायला लागला बघ," बाई म्हणाल्या.

बाई पडदे आणि शाळेचे गणवेश शिवत. पण गल्लीत त्यांचं नाव होतं ते कुत्र्यामुळे. जिन्यात कुडकुडत बसलेलं बेवारशी जनावर उचललं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, असं लोक कौतुकानं सांगत. ते ऐकताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण कारभारी बेवारशी नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले आणि बाईंनी अंथरूण धरलं. शिवणकाम बंद, मशिनवर धुळीचा थर. महिन्याभराने एक माणूस यजमानांचं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ परत द्यायला आला. भर दुपारी घरातले पडदे ओढलेले होते. बाईंनी दार अर्धवट उघडून पुडी घेतली, माणसाकडे धड पाहिलंही नाही. पुडी तशीच खणात टाकली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या.

त्याच आठवड्यात जिन्यात कुत्रा दिसला. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फाटकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लागली.

'कुत्रा हरवला आहे. रंग तांबूस, उजवा कान मुडपलेला. हाकेला येत नाही, ताटली वाजवली की येतो. दूध पचत नाही. झाडूला भितो. सकाळी सहाला फिरायला न्यावंच लागतं, नाहीतर घर डोक्यावर घेतो.'

खाली ना नाव, ना पत्ता. कुठल्या वेंधळ्याने लावली कोण जाणे. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठी काढून घेतली. पत्ताच नाही तर परत करायचा कुणाला? मनाला एवढी पळवाट पुरली. चिठ्ठीत लिहिल्याबरहुकूम त्या त्याला सांभाळू लागल्या. सहाला उठावंच लागे. उठल्यावर चहा होऊ लागला आणि एक दिवस मशिनवरची धूळही पुसली गेली.

वर्षाने खण आवरताना ती पुडी हाती लागली. घड्याळाला बांधलेल्या कागदावर यजमानांचं नाव होतं, आणि अक्षर चिठ्ठीतलंच.

बाईंनी आडून आडून चौकशी केली. घड्याळजींचं दुकान बाजाराच्या मागे. माणूस एकटा. घरी कुत्रा होता, तोही नाहीसा झाला म्हणे. तेव्हाच जायला हवं होतं. पण उद्या जाऊ, परवा जाऊ करत दहा वर्षं गेली. बाजार टाळून त्या कारभाऱ्याला लांबच्या रस्त्याने फिरवत. एकट्या माणसाची सोबत आपण चोरली, ही टोचणी मात्र लांबचा रस्ता घेऊनही सुटली नाही.

आज सकाळी शेवटी त्या दुकानात गेल्या.

"चारच्या आत घरी या. काम आहे," एवढंच त्यांना बोलता आलं.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग उतरवून त्यांच्याकडे पाहिलं. काय काम, कुठलं घड्याळ, काही विचारलं नाही. "येतो," म्हणाले.

ते तीनलाच आले, रिकाम्या हातांनी. बहिणीने दार उघडलं. बाई बोलायच्या आधीच ते मशिनजवळ गेले आणि गुडघे धरत जमिनीवर बसले.

"म्हातारा झालास की रे," ते म्हणाले आणि पाण्याची ताटली नखाने टिचक्या मारून वाजवली. तीन दिवस न हललेली शेपटी चादरीवर दोनदा आपटली.

बाईंना रडू आवरेना. आता हे चिडून निघून गेले, तर कारभाऱ्याची शेवटची घटकाही आपण नासवली, असं होईल. पण न सांगता त्याला जाऊ देणं याहून वाईट होतं.

"हा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "फाटकावरची चिठ्ठी मीच काढली. पुढे तुमचं अक्षर ओळखलं, तरी गप्प राहिले. चोरीच केली मी. काय बोलायचं ते बोला."

घड्याळजी मुडपलेला कान कुरवाळत राहिले.

"दूध दिलंत कधी?"

"कधीच नाही."

"आणि झाडू?"

"तो झोपला की मगच काढते."

"चांगलं सांभाळलंत."

बाईंना हे बोलणं शिव्यांपेक्षा जड गेलं. "अहो, पण नाव-पत्ता का नाही लिहिलात? त्याच्या खोडी लिहायला जागा होती, मग एका ओळीला काय झालं होतं? ती ओळ असती तर माझ्या हातून हे पाप घडलं नसतं."

जिन्यात डॉक्टरांची पावलं वाजली. बहीण दार उघडायला गेली. घड्याळजी जरा बाजूला सरकले, कारभाऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"पत्ता लिहिला असता," ते म्हणाले, "तर तुम्ही त्याला परत आणून दिलं असतंत."