तोडीचा गांधार

भैरवीनं घसा खाकरला आणि पुढं रेंगाळणाऱ्या नारायणरावांनी पाय उचलले.

नळदुर्गात किल्ल्याकडं जाणारा रस्ता, नुकतं उजाडलेलं. पुढं शंभर किलोला टेकलेले वडील, मागं त्यांची चाळिशीतली लेक आणि तिच्या गळ्यातून निघणारी तोडी. तोडी कसली, तोडफोडच ती. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला श्रीमंत भज्यांचा घाणा काढता काढता म्हणाला, "ताई, लई पळवताव गुरुजींना." भैरवीनं गाणं न थांबवता त्याला हातानंच गप्प केलं. लाजबीज तिनं कधीच गुंडाळून ठेवली होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. हर्नियाचं ऑपरेशन करावंच लागेल, पण एवढ्या वजनावर भूल देणं धोक्याचं. आधी वजन उतरवा. तोवर आतडं अडकलं तर मात्र आमच्याही हातात फारसं राहणार नाही. रोज भरभर चाला, म्हणाले. कानात गाणी लावा, पाय आपोआप पडतात.

पाय आपोआप पडणारे लोक वेगळे. नारायणराव जन्मभर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. इयरफोनमध्ये एखादी सुरेख जागा आली की हे रस्त्याच्या मधोमध उभे, डोळे मिटलेले, एक हात वर आणि मागं ट्रकवाला हॉर्न दाबून दाबून बेजार. मग पुलाच्या कठड्यावर बसकण मारायचे, कारण पुढचं गाणं म्हणे उभ्यानं ऐकण्यासारखं नसायचं. भैरवीनं उडत्या चालीची गाणी भरून दिली, तर हे ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणून घरीच बसले. भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं होतं.

अशीच एकदा वैतागून ती आपल्याशीच गुणगुणली आणि नारायणराव चार पावलं पुढं सरकले. ती जवळ गेली, तसे आणखी पुढं. तेव्हा तिला हे औषध सापडलं. लहानपणी याच माणसानं तिला हौसेनं शिकवायला बसवलं होतं आणि एक दिवस पेटी मिटून, तुला गाणं नाही बाई, अभ्यास कर, असं सांगून उठले होते. नाव ठेवलं भैरवी आणि पोर झाली तहसिलात कारकून. ते बोलणं इतकी वर्षं तिला टोचत होतं. आता त्याचीच तिनं पराणी केली होती आणि ती त्यांना हाकत होती.

"गांधार चढा लागतोय, उतरव जरा," नारायणराव पुढूनच करवादले. वळले मात्र नाहीत, थांबलेही नाहीत. सदरा अंगावर आता सैल झाला होता. अजून चार किलो उतरायचे होते.

भैरवीला डबा भरून साडेआठची एसटी गाठायची होती. झोप धड झाली नव्हती. ती गात होती ते दळण दळल्यासारखं. सूर कुठं लागतोय, कुठं नाही, याकडं तिचं लक्षही नव्हतं. सारे सूर वर-खाली करत ती गांधारावर आली.

नारायणराव जागीच थांबले. त्यांचा हात पोटावर गेला.

भैरवी धावत पुढं गेली. दुखतंय का, कळ आली का, रिक्षा बोलावू का, तिनं एका दमात विचारलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"तो गांधार परत लाव."

"काय?"

"आत्ता लावलास तो. नेमका लागला गं." ते पुलाच्या कठड्यावर टेकले आणि त्यांनी मनगट पुढं केलं. "बघ, काटा आलाय अंगावर."

खरंच आला होता. भैरवी त्या हाताकडं बघत राहिली. नको नको म्हणताना तिनं तो सूर पुन्हा लावला. अंधारात आपल्याच घरातला दिव्याचा खटका हाताला लागावा, तसा तो लागला. नारायणरावांचे डोळे मिटले, हात वर गेला. पेटी मिटल्या दिवसापासून ज्या मानेची ती वाट बघत होती, ती मान डोलली.

"परत," ते म्हणाले आणि त्यांनी चपला काढून पाय वर घेतले.

भैरवीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं नाही आणि आजच व्हायचं होतं हे? हा माणूस आता उठायचा नाही. आज नाही, उद्या नाही. रोज सकाळी इथं येऊन मांडी घालून बसेल आणि परत म्हणेल. त्यांनी हात वर केल्यामुळं सदरा वर ओढला गेला होता आणि त्याखाली बेंबीजवळचा तो फुगवटा स्पष्ट दिसत होता.

तिनं श्वास घेतला. गांधार कुठं आहे, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तो तिथून उचलला आणि चढा लावला.

नारायणरावांनी डोळे उघडले. तिनं आणखी चढा लावला. त्यांनी कानावर हात ठेवला, चपलांत पाय सरकवले, कठड्याला रेटा देऊन उठले आणि चालू लागले.

"मलाच भास झाला," ते पुढून पुटपुटले. "तुला गाणं नाहीच, बाई."

"नाहीच अप्पा," भैरवी म्हणाली. "चला तुम्ही."